उसाच्या औषधाची कुलपाची पेटी : उद्यमनगरात करून घेतली, अकरा महिने वापरली

आधी पेटीबद्दल सांगतो, ज्याला घाई आहे त्यानं एवढं वाचून गेलं तरी चालेल. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात एका फॅब्रिकेशनवाल्या मिस्त्रींकडनं शेतातली कीटकनाशकं-तणनाशकं ठेवायला लोखंडी पेटी करून घेतली. ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, १८ गेजचा पत्रा, खाली अँगलचे ६ इंची पाय, वर उताराचं झाकण, कडी-कोयंडा. पावडर कोटिंग धरून ४,३०० रुपये झाले, पितळी कुलूप वेगळं २८० चं. वजन पंचवीस किलोच्या आसपास, दोघं लागतात उचलायला. अकरा महिन्यांत एका कोपऱ्यात गंज धरला आणि बिजागरी चुकली, ते पुढं सांगतो. पाचपैकी चार स्टार देतो. ज्याच्या घरात ऊस आहे आणि रांगतं-पळतं पोर आहे त्यानं ही पेटी ह्याच आठवड्यात करून घ्यावी असं मला अगदी मनापासनं वाटतं.

आता का करून घेतली ते. हे लिहायला मला वर्ष लागलं.

गेल्या वर्षी जूनमध्ये खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर परत फुटलेल्या उसाला, हुमणी ही मुळं खाणारी अळी लागलेली. आमचं गाव केर्लीच्या पुढं, पन्हाळ्याच्या वाटेवर, तिकडं हुमणी म्हणजे काय हे कुणाला सांगायला लागत नाही. क्लोरपायरीफॉस ह्या कीटकनाशकाची मुळाशी आळवणी करायला लिटरचा कॅन आणला. थोडं उरलं, चुलतभावाला त्याच्या दोन गुंठ्याला पाहिजे होतं म्हणून मी ते अर्ध्या लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतलं. तोच पिवळसर रंग. बाटली गोठ्याच्या कट्ट्यावर ठेवली, म्हटलं येईल आणि घेऊन जाईल. तो आला नाही, पाऊस लागला, मी विसरलो. बारका, आमचा धाकटा पोरगा, तेव्हा साडेतीन वर्षांचा.

आणि त्याच आठवड्यात त्याला खोकला होता. रोज संध्याकाळी त्याची आई चमचा घेऊन मागं लागायची, औषध घे बाळा, औषध घेतलं की बरं वाटतंय. इकडं मी सकाळी म्हणायचो, चल औषध मारून येतो. एकच शब्द. आपल्याकडं सगळे असंच म्हणतात, औषध मारायचं, औषध आणायचं, औषध संपलं, दुकानदार पण औषधच म्हणतो. साडेतीन वर्षांच्या पोराला ह्यातलं कुठलं औषध कसलं हे कळायचं कसं. आमच्या घरात आता तो शब्द बंद आहे, शेतातल्याला आम्ही विषच म्हणतो, माझी आई सुद्धा म्हणते, सुरुवातीला शेजारचे दचकायचे.

माझ्या आईनं बघितलं तेव्हा बाटली आडवी पडलेली, सदरा पुढनं भिजलेला आणि हा थुंकत होता. घोटभर गेलं असेल नायतर त्याच्याहून कमी. आईनं घाबरून मिठाचं पाणी पाजलं, आपल्याकडं सगळे तेच करतात, उलटी झाली, उलटीत ठसका लागला. हे चुकीचं होतं हे मला नंतर कळलं आणि आईला मी वर्षभर सांगितलं नाही. उलटी करवायची नसते. ह्या द्रवात विषाबरोबर रॉकेलसारखा सॉल्व्हंट असतो, उलटी होताना तो श्वासनळीत गेला तर फुप्फुसं खराब होतात, आणि मीठ जास्त झालं तर लहान पोराच्या रक्तातलं सोडियम वाढून त्यानंच झटके येऊ शकतात. ताक, तूप, दूध, कच्चं अंडं, काहीच द्यायचं नसतं. करायचं एवढंच, कपडे काढायचे (कात्रीनं कापा, डोक्यावरनं ओढू नका), अंग साबण लावून भरपूर पाण्यानं धुवायचं, धुणाऱ्यानं हातात निदान प्लास्टिकची पिशवी घालायची, पोर गुंगीत असेल तर एका कुशीवर झोपवायचं, आणि मूळ कॅन घेऊन निघायचं. १०८ ला फोन. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेसाठी राष्ट्रीय केंद्र आहे, २४ तास चालू असतं, नंबर १८०० ११६ ११७, टोल फ्री. पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूनं मी हे दोन्ही नंबर रंगवून घेतलेत.

आम्ही सदरा न काढताच निघालो. अर्धा-पाऊण तासात तो मान टाकायला लागला. गाडीत त्याची आई म्हणाली, अहो, ह्याच्या तोंडातनं फेस यायलाय. मग एक झटका आला, अँब्युलन्समध्ये. कॅज्युअल्टीत पोचलो तर सिस्टरनी पहिलं काय केलं तर सदरा कापून टाकला आणि त्याला पुसून धुवून काढला, म्हणाल्या हे अंगातनं अजून आत जायलंय. डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली, बुबुळाच्या मधला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा झालेला. काय प्यायला विचारलं तर मला फक्त "हुमणीचं औषध" एवढंच सांगता आलं, कॅन घरी राहिलेला. चुलतभावानं लेबलचा फोटो पाठवला तेव्हा कुठं नाव कळलं. तोवर त्यांनी लक्षणांवरनं ओळखून ॲट्रोपिन हे उताऱ्याचं इंजेक्शन सुरू केलं होतं.

डॉक्टरांनी मला दुसऱ्या दिवशी जे समजावलं ते मी आजपर्यंत पन्नास जणांना सांगितलं असेल. म्हणाले, तुम्ही उसाला पाणी पाजता ना, दारं मोडून वाफ्यात पाणी सोडता, वाफा भरला की दारं बांधून ते बंद करता. नस स्नायूला निरोप देते तेव्हा असंच दारं मोडल्यागत ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, आणि काम झालं की कोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम ते दारं बांधतं. क्लोरपायरीफॉस हे ऑर्गॅनोफॉस्फेट नावाच्या रसायनांच्या गटातलं, ते ह्या दारं बांधणाऱ्यालाच बांधून ठेवतं. मग पाणी वाहतच राहतं. लाळ, घाम, डोळ्यातनं पाणी, जुलाब, छातीत चिकट पाणी, नाडी मंद, स्नायू थरथरतात आणि मग ढिले पडतात. ॲट्रोपिन ह्यातला बराचसा भाग थोपवतं, छाती कोरडी करतं. पॅम नावाचं दुसरं इंजेक्शन असतं ते त्या एन्झाइमला सोडवायला बघतं, पण ते लवकर द्यायला लागतं, उशीर झाला की गाठ पक्की होऊन बसते. लहान पोरांत आणखी एक भानगड अशी की घाम-लाळ-जुलाब हे चित्र मोठ्या माणसासारखं ठळक दिसेलच असं नाही, त्यांच्यात मेंदूची लक्षणंच पुढं येतात, गुंगी, अंग लुळं पडणं, फिट. म्हणजे बाटली कुणी बघितली नसती तर मेंदूज्वर वाटला असता.

ॲट्रोपिननं तो दुसऱ्या दिवशी लालबुंद झाला, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, आणि हवेत हात मारून काहीतरी पकडायचा. ते बघवत नव्हतं, पण तो औषधाचा परिणाम आहे, उतरेल म्हणाले, उतरला पण. तिसऱ्या दिवशी सकाळी तो शुद्धीत होता, मला बघून "पप्पा" म्हणाला, मी बाहेर जाऊन घरी फोन केला, पोरगं वाचलं म्हणून सांगितलं.

दुपारी त्याला उशीवरनं मान उचलता येईना.

ह्याला इंटरमीडिएट सिंड्रोम म्हणतात. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये पहिल्यांदा नीट मांडला, साधारण २४ ते ९६ तासांच्या मधे येतो, म्हणजे पहिलं संकट टळलंय असं घरच्यांना वाटतं नेमकं तेव्हा. मान, दंड, मांड्या आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात आणि ह्याच्यावर ॲट्रोपिन चालत नाही. श्वास मशिननं द्यायचा आणि वाट बघायची, एवढाच उपाय. बारका सहा दिवस व्हेंटिलेटरवर होता. म्हणून सांगतो, पोर बरं दिसायला लागलंय म्हणून दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज मागू नका, मी मागणार होतो, तोंडात शब्द होते, पैशाचं टेन्शन, ऊस, जनावरं, सगळं डोक्यात होतं. डॉक्टरांनी मान उचलून दाखव म्हणून त्याला सांगितलं आणि त्याला ते जमलं नाही म्हणून आम्ही तिथं राहिलो.

घरी आल्यावर जे झालं ते कुणीच सांगितलेलं नव्हतं. डिस्चार्ज कार्डवर पंधरा दिवसांनी दाखवणे एवढंच. माझी तक्रार असलीच तर ही एक, कुठल्या हॉस्पिटलबद्दल ते सांगत नाही कारण जीव त्यांनीच वाचवला आणि ते उपकार मी फेडू शकत नाही, पण मेंदूवर नंतर काय दिसू शकतं ते एका कागदावर मराठीत लिहून द्यायला पाहिजे होतं. दुसऱ्या एका बालरोगतज्ज्ञांनी मग नीट बसवून सांगितलं. एक, काही ऑर्गॅनोफॉस्फेटनी एक ते तीन आठवड्यांनंतर पायांच्या नसा जाऊ शकतात, पोटऱ्या दुखणं, मुंग्या, मग पाऊल लोंबणं. हे कोलिनएस्टरेजमुळं नाही, नसेतल्या दुसऱ्याच एका एन्झाइममुळं होतं. १९८८ साली कलकत्त्यात बेहाला भागात खाद्यतेलात ट्रायक्रेसिल फॉस्फेट हे असलंच एक ऑर्गॅनोफॉस्फेट मिसळलं गेलं आणि शेकडो माणसांचे पाय असेच गेले होते. क्लोरपायरीफॉसनं हे क्वचित होतं, पण बघत राहा म्हणाले. तीन आठवडे मी त्याला रोज सकाळी अंगणात टाचांवर चालायला लावायचो, खेळ म्हणून. त्याचे पाय राहिले.

दोन, मेंदूचं. ते हळूहळू दिसतं. झोप मोडायची, रात्री ओरडून उठायचा. घास तोंडाकडं नेताना हात थरथरायचा, तो दोनेक महिन्यांत थांबला. आधी जो पोरगा जोतिबाच्या यात्रेतली सगळी गोष्ट क्रमानं सांगायचा, सासनकाठ्या किती, कुणाची मोठी, तो मधेच थांबायला लागला, शब्द सापडेना की चिडायचा, वस्तू फेकायचा. एका जागी बसेना. बालवाडीच्या बाईंनी दिवाळीनंतर सांगितलं की ह्याला थांब म्हटलं तरी थांबता येत नाही, ऐकत नाही असं नाही ओ, त्याला थांबता येत नाही. बाईंनी दोन्हीतला फरक ओळखला, त्याबद्दल त्यांचे आभार कसे मानायचे मला कळत नाही, कारण घरात सगळे हट्टी झालाय, लाडावलाय, दवाखान्यातनं आल्यापासनं डोक्यावर बसलाय असंच म्हणायला लागलेले आणि मी एकदा हात पण उचलला होता.

इस्राएलमध्ये, तान्हेपणी नायतर अगदी लहानपणी ऑर्गॅनोफॉस्फेटची विषबाधा झालेल्या मुलांना शाळेच्या वयात तपासून २००६ मध्ये एक अभ्यास आलाय, त्यात हेच दिसलं, मुलं वरनं ठीकठाक, पण स्वतःची हालचाल आवरण्यात आणि नवीन शिकण्यात थोडी कमी पडत होती. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मला आधी धक्का बसला आणि मग बरं वाटलं, म्हणजे पोरगं वाईट वागत नाही, त्याच्या मेंदूला लागलंय. आमच्या बारक्याच्या बाबतीत झटक्यात आणि श्वास कमी पडला तेव्हा ऑक्सिजन कमी मिळाल्याचा भाग किती आणि विषाचा किती हे वेगळं काढता येत नाही, त्यांनी ते प्रामाणिकपणे सांगितलं. लहान पोरांना हे जास्त का लागतं तर वजन कमी म्हणून घोटभर सुद्धा त्यांना भरपूर होतं, हे विष फोडणारी रक्तातली एन्झाइम्स लहानपणी कमी असतात, आणि मेंदूची बांधणी चालूच असते. युरोपनं २०२० मध्ये क्लोरपायरीफॉसची परवानगी पुढं चालू ठेवली नाही, त्यामागं मुलांच्या मेंदूच्या वाढीची काळजी हे एक कारण होतं.

आता आठवड्यातनं एकदा त्याला कोल्हापुरात थेरपीला नेतो, दर सहा महिन्यांनी विकासाची तपासणी. फरक आहे. मागच्या महिन्यात त्यानं रंकाळ्यावर घोड्याची पाळी येईपर्यंत रांगेत उभं राहून दाखवलं, चार मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं.

तर पेटी.

आधी मी प्लास्टिकचा क्लिपचा डबा आणला, साडेसहाशेचा, बारक्यानं माझ्यासमोर अर्ध्या मिनिटात उघडला. कपाटाला लावायचं चुंबकाचं चाइल्ड लॉक मागवलं, ते फर्निचरच्या गुळगुळीत फळीसाठी बरं आहे, गोठ्यातल्या धुळीत आणि दमटीत त्याचा डिंक आठवड्यात सुटला. उंच फळीवर ठेवायचं म्हणाल तर पोरं चढतात, आमच्या शेजारच्या पोरीनं पाटीवर पाटी ठेवून माळ्यावरचं गुळाचं डबडं काढलेलं मी बघितलंय. शेवटी लोखंड आणि कुलूप. उद्यमनगरात गेलो, तीन-चार ठिकाणी विचारलं, एकानं धान्याची कणगी दाखवली, एकानं ट्रंक. ज्यांनी केली त्या मिस्त्रींनी पहिलं विचारलं, पाव्हणं, आत काय ठेवणार? मी सांगितलं. मग त्यांनी हातातलं ग्राइंडर बंद केलं आणि पूर्ण ऐकून घेतलं. पैसे घेतले, पण खालचा ट्रे त्यांनी त्यांच्या मनानं करून दिला, त्याचे घेतले नाहीत.

तो ट्रे फार कामाचा. इंचभर काठाचा, सुट्टा, बाटली गळली तर पेटीच्या तळाला न लागता ट्रेमध्ये राहतं, आम्ही त्यात कोरडी माती पसरलीय, ती शोषून घेते. वरच्या बाजूला दोन्हीकडं जाळीची भोकं आहेत, वाफ कोंडत नाही. भोकं वरती घ्या, खाली घेतली तर पोराची बोटं जातात. झाकण उताराचं असल्यामुळं त्याच्यावर कुणी काही ठेवत नाही, आणि पोराला चढून बसता येत नाही. पाय सहा इंची, आमच्या गोठ्यात पावसाळ्यात चिखल होतो, तळाला ओल लागली नाही. पिवळा रंग दिलाय, पुढं लाल कवटी आणि मोठ्या अक्षरात विष. बारक्याला वाचता येत नाही पण कवटी कळते, लांबून बोट दाखवून जातो.

आता चुका. बिजागरी बाहेरनं स्क्रूनं बसवली होती, म्हणजे कुलूप कितीही भारी असो, स्क्रू ड्रायव्हर असला की झाकण मागनं उघडतं. मोठ्या पोरांच्या हातात पाना-पक्कड असतंच. परत नेऊन वेल्डिंग करून घेतली, १५० रुपये आणि एक खेप. तुम्ही आधीच आतून बिजागरी सांगा. दुसरं, झाकण जड आहे आणि उघडल्यावर उभं राहत नाही, माझं बोट चेंगरलं, आता साखळी लावलीय. तिसरं, पहिल्या महिन्यात ट्रे नीट बसवला नव्हता तेव्हा तणनाशक सांडलं आणि त्या कोपऱ्यात कोटिंग फुगून गंज धरला. मिस्त्री म्हणाले जीआय पत्रा (जस्ताचा थर दिलेला) घेतला असता तर पाच-सहाशे जास्त गेले असते पण हे झालं नसतं. पुढची जीआयचीच घेणार. चौथं, ऊन. एप्रिलमध्ये गोठ्याच्या पत्र्याखाली पेटी हात लावू देत नव्हती, बाटल्यांची बुचं फुगली, मग मागच्या भिंतीला सावलीत हलवली. मोटरघरात ठेवायचा विचार होता, ते करू नका, सॉल्व्हंट पेट घेणारा असतो आणि स्टार्टरला ठिणगी उडते. घरात तर नकोच, आणि पेंड-वैरण-धान्याच्या खोलीतही नको.

किल्ली हा वेगळा विषय. पहिले दोन महिने किल्ली पेटीच्याच वर खिळ्याला अडकवलेली असायची, मग कुलपाचा उपयोग काय. आता एक किल्ली बायकोच्या कमरेच्या जुडग्यात आणि एक माझ्या गाडीच्या किल्लीला. पेटी सगळ्यावर उपाय आहे असं मी म्हणत नाही. श्रीलंकेत खेडोपाडी घरोघर अशा कुलपाच्या पेट्या देऊन मोठा अभ्यास झाला, २०१७ ला लॅन्सेटमध्ये आला, मोठ्या माणसांनी जिवाचं बरंवाईट करून घेण्याच्या घटना त्यानं कमी झाल्या नाहीत. मोठ्या माणसाला किल्ली कुठं आहे हे माहीत असतं. तिथं पेटी नाही, घरातल्यांनी जवळ बसून बोलायला लागतं आणि ते विष घरात नसणंच बरं. माझी पेटी साडेतीन वर्षांच्या हातासाठी आहे, त्या कामाला ती पक्की आहे.

पेटीत काय ठेवायचं ह्याचा आमचा नियम, फक्त मूळ बाटली, मूळ लेबल, मूळ झाकण. उरलं तर त्याच कॅनमध्ये, कुणाला पाहिजे तर त्यानं त्याचं आणायचं, चुलतभाऊ असला तरी. लेबलवरचा चौकोन बघत जावा, त्याच्या खालच्या त्रिकोणात रंग असतो, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. आमचा पिवळा होता. आतल्या घडीच्या कागदावर उतारा काय द्यायचा ते पण लिहिलेलं असतं, मी तो कागद आयुष्यात उघडला नव्हता. माप घ्यायची वाटी, हातमोजे, फवारणीचा मास्क पण पेटीतच. आमच्याकडं माप म्हणून जुनी स्टीलची वाटी होती, तीच कधी धुवून घरात जायची. आणि रिकामा कॅन तीनदा धुवून, तळाला भोक पाडून मोडीत काढायचा, त्यात तेल-रॉकेल-पाणी काही भरायचं नाही. बिहारमध्ये सारण जिल्ह्यात २०१३ च्या जुलैत शाळेच्या दुपारच्या जेवणातनं २३ मुलं गेली, मोनोक्रोटोफॉस होतं, स्वयंपाकाचं तेल कीटकनाशकाच्या डब्यात ठेवल्याचं पुढं आलं. ती बातमी मी त्या वेळी वाचली होती. वाचून हळहळलो होतो, आणि कोल्ड्रिंकची बाटली घेऊन ओतायला लागलो तेव्हा ती आठवली नाही.

बायकोनं ह्याच मिस्त्रींकडनं घरातली एक छोटी पेटी करून घेतली, फूटभराची, ९०० रुपये, भिंतीला बोल्ट करायची. तिच्यात संडास साफ करायचं ॲसिड, थिनर, डांबराच्या गोळ्या, डासांच्या लिक्विडचं रिफिल आणि कापूर. कापूर म्हटल्यावर आई नाराज झाली, देवाचा कापूर कुलपात? पण कापूर लहान पोराच्या पोटात गेला तर काही मिनिटांत फिट येऊ शकते, आधी उलटी-गुंगी असं काही न होता थेट झटका, आणि त्याला ग्रॅमभर सुद्धा जास्त होतो. वड्या पांढऱ्या, साखरेसारख्या, वासाच्या, देव्हाऱ्यात खाली ताटलीत, पोराच्या हाताच्या उंचीवर, आणि शेजारीच खडीसाखरेचा प्रसाद. जोतिबाहून, अंबाबाईहून आलं की दोन्ही एकाच पिशवीत असतं. आईला खडीसाखरेची आणि कापराची वाटी शेजारी शेजारी ठेवून दाखवली, मग तिनं स्वतः उचलून आत ठेवला. रोज आरतीला किल्ली मागते, एवढंच.

प्रयाग चिखलीला बहीण दिलीय, तिच्याकडं २०१९ आणि २०२१ च्या पुरात खोपीतल्या सगळ्या बाटल्या तरंगून अंगणात, विहिरीत, कुठं कुठं गेल्या, पाणी उतरल्यावर पोरांनी चिखलातनं त्या गोळा करून खेळायला आणल्या होत्या. तेव्हा काही झालं नाही म्हणून कुणाच्या लक्षात पण राहिलं नाही. तिच्यासाठी दुसरी पेटी सांगितलीय, जीआय पत्रा, बिजागरी आतून, झाकणाला साखळी, आणि पायाला भोकं, म्हणजे पूर आला तरी बोल्टनं भिंतीला धरून राहील, वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात. मिस्त्रींनी ५,१०० सांगितलेत. शनिवारी थेरपीला जाणारच आहे, येताना बारक्याला घेऊन उद्यमनगरात जाऊन माप पक्कं करून येतो.